मुलाचा बार मित्झवा आहे, हॉल आणि डीजेच्या पलीकडे काय करता येईल?

अश्दोदची_सून

नमस्कार मंडळी, मी मूळची पनवेलची, लग्न करून इकडे इस्राएलला अश्दोदला आले त्याला बरीच वर्षं झाली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. घरात सासूबाई आणि मामंजींशी मराठी, मुलं आपसात फक्त हिब्रू, नवरा दोन्हीची खिचडी करतो.

मोठा मुलगा येत्या हेश्वान (हिब्रू पंचांगातल्या) महिन्यात तेरा पूर्ण करतोय, म्हणजे धर्माने जाणता होतोय, त्याचा हा बार मित्झवा. हॉलवाल्यांचे फोन आत्तापासून सुरू झालेत, कोणाला कळतं कसं देव जाणे. मागच्या वर्षी आमच्याकडच्याच एका नातेवाइकाच्या मुलाचा झाला, त्यात डीजे, धुराचं मशीन, मुलाचे मोठे मोठे फोटो छापलेले स्टँड, मुलाला खुर्चीवर बसवून उचललं वगैरे सगळं झालं आणि सासूबाई एका कोपऱ्यातल्या टेबलावर कानाला रुमाल लावून बसलेल्या. घरी येताना गाडीत म्हणाल्या, छान होतं गं, पण होतं कशाचं?

मला तेच होऊ द्यायचं नाहीये. खर्चाला ना नाही, म्हणजे आहे थोडी, पण मुख्य म्हणजे घरच्या सगळ्यांना त्यातून काही मिळावं असं वाटतं, मुलाला, आजीआजोबांना, आणि धाकटी दहा वर्षांची आहे तिलाही, कारण दोन वर्षांत तिची बात मित्झवा (मुलींची बाराव्या वर्षी असते ती) येणार आणि ती आत्ताच विचारतेय की मला काय वाचायला मिळणार.

अजून एक अडचण. मुलाला वाचायचा त्रास आहे, अक्षरं उलटसुलट होतात, शाळेत त्यासाठी वेगळे तास आहेत. तोऱ्याच्या, आमच्या धर्मग्रंथाच्या, हिब्रू गुंडाळीत तर स्वरचिन्हंही नसतात आणि चालीच्या खुणाही नसतात, सगळं पाठ हवं. शिकवायला येणारे म्हणतात पूर्ण पाराशा (त्या आठवड्याला वाचायचा तोऱ्याचा भाग) नको, जमेल तेवढं करू. नवरा म्हणतो सगळी मुलं करतात, हाही करेल. मुलगा काही बोलत नाही, नखं खातो.

त्याची पाराशा लेख लेखा आहे. काय करता येईल सांगा.

लोदकर

ताई, आधी मुलाचं बघू, बाकी सगळं नंतर.

नवऱ्याला एक गोष्ट शांतपणे सांगा. मुलगा तेरा वर्षं आणि एक दिवसाचा झाला की तो बार मित्झवा होतोच, झोपेत असला तरी. वाचलं नाही म्हणून राहून गेलं असं काही नसतं. त्याला तोऱ्यापुढे बोलावतात, तो आधीची आणि नंतरची बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणतो, मधलं वाचन दुसऱ्या कोणी केलं तरी चालतं, मोठ्या माणसांचंही असंच तर होतं ना दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, किती जणांना स्वतः वाचता येतं? बेराखा छोट्या आहेत, त्या महिनाभरात येतील.

दुसरं म्हणजे शनिवारचा हट्ट सोडा. तोरा सोमवारी आणि गुरुवारीही सकाळी वाचतात, तेही येणाऱ्या शब्बाथच्या पाराशाचा फक्त पहिला भाग, म्हणजे दहा-बारा ओळींचा मामला. त्याच्याने तीनपैकी एका माणसाचा भाग सहज होईल. शिवाय शब्बाथला तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला पट्ट्याने बांधायच्या चामडी डब्या) बांधत नाहीत, गुरुवारी बांधतात, म्हणजे पहिल्यांदा सगळ्यांदेखत तेफिलीन आणि तोरा एकाच सकाळी. आमच्याकडे आजोबांनी नातवाच्या हातावर पट्टा गुंडाळून दिला, म्हाताऱ्याचे हात थरथरत होते आणि पोरगंच त्यांना म्हणत होतं सावकाश सावकाश. आणि गुरुवारी गाडी चालवता येते, फोटो काढता येतात, व्हिडिओ लावून भारतातल्या मावशीला दाखवता येतं. शब्बाथला यातलं काहीच नाही, लांबून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची राहायची सोय पण करावी लागते.

तोटाही सांगतो. शब्बाथला तोऱ्यापुढे सात जणांना बोलावतात, वर माफ्तीर म्हणजे शेवटचा एक, म्हणजे दोन्ही आजोबा, काका, मामा सगळ्यांना मान देता येतो. गुरुवारी तीनच. आणि इथल्या मशिदीत (आपण सिनेगॉगला मशीदच म्हणतो) कोणी कोहेन, म्हणजे पुरोहित कुळातला, हजर असला तर पहिला मान त्याचा, दुसरा लेवी कुळातल्याचा, मग तुमच्या हातात एकच उरतो. आपल्यात कोहेन-लेवी जवळपास नाहीतच, त्यामुळे आपल्याच लोकांच्या मशिदीत केलंत तर हे जमून जातं.

कोतेलला, म्हणजे जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीला, जायचा विचार असेल तर जा, पण सोमवार-गुरुवारी तिथे एका वेळी इतके बार मित्झवा चालू असतात की ढोल आणि शोफार (शिंग) वाजवणाऱ्यांच्या गलक्यात आपला मुलगा काय म्हणतोय ते ऐकू येत नाही, आणि बायकांना पडद्याच्या पलीकडून खुर्च्यांवर उभं राहून बघावं लागतं. सासूबाई खुर्चीवर चढणार का ते बघा.

आणि आदल्या रात्री घरी मलिदा. हे तर सांगायलाच नको.

पुणेरी_गप्पिष्ट

मी यहुदी नाही, रास्ता पेठेत लहानपण गेलं, तिथे तुमचं सुक्काथ शेलोमो सिनेगॉग आहे आणि कॅम्पात लाल देऊळ, तेही सिनेगॉगच, त्यामुळे कुतूहलाने वाचतोय. आमच्याकडे मुंजीचं हेच झालंय बरं का, मुलाला घोड्यावर बसवतात, इव्हेंटवाला येतो, आणि गायत्री मंत्र कानात सांगायच्या वेळी फोटोग्राफर बापाला म्हणतो काका थोडं डावीकडे.

प्रश्न असा की मलिदा म्हणजे तो आपला चपाती कुस्करून करतात तोच का?

ठाणेवाला

@पुणेरी_गप्पिष्ट नाही हो, आमचा मलिदा पोह्यांचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, काजू-बेदाणे. मोठ्या ताटात त्याचा ढीग, भोवती फळं, खजूर तर पाहिजेच, केळी, सफरचंद वगैरे, आणि वासासाठी सब्जाची डहाळी नाहीतर गुलाब. झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी (केळं या दुसऱ्यात मोडतं, लहान मुलं यावर तासभर वाद घालतात), वासाची वेगळी. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, गाणं सगळे मिळून म्हणतात. लग्न, नवीन घर, परीक्षा, आजारातून उठणं, नवस फेडणं, सगळ्याला मलिदा. जगात बाकीच्या यहुद्यांकडे हा प्रकार नाही, आपल्या कोकणातलाच.

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. इथे भारतात आम्ही आता चार-पाच हजार उरलोय, त्यामुळे आमची अडचण उलटी आहे, हॉल भरायचा प्रश्नच नाही, प्रार्थनेला लागणारा दहा पुरुषांचा मिन्यान जमवायचा प्रश्न असतो. ठाण्याच्या आमच्या शाआर हाशामाइममध्ये, १८७९ ची मशीद आहे, बार मित्झवा असला की अख्खं गाव येतं, ज्यांना बोलावलं नाही तेही येतात कारण त्यांना माहीत असतं आपण गेलो नाही तर अडेल. त्या मुलाला त्या दिवशी कळतं की आपण दहावा माणूस आहोत. हे भाषण देऊन समजवता येत नाही. तुमच्याकडे अश्दोदला अशी एखादी लहान मशीद असेल जिथे रोज सकाळी मिन्यानला ओढाताण होते, तर मुलाला बार मित्झवानंतर तिथे आठवड्यातून एकदा पाठवा, लोक त्याची वाट बघतील.

भारतात आणता आलं तर आणा पण एक सांगतो, अलिबागच्या मागेन आबोथ मशिदीत (इस्राएल आळीत, बघितलीच असेल तुम्ही) बार मित्झवा करू असं ठरवून येणारे इस्राएलहून बरेच असतात, त्यांना वाटतं तिथे मिन्यान तयार बसलेला असतो. घरं मोजकीच उरलीत. तुमची माणसं तुम्हीच न्या, निदान मुंबई-ठाण्याहून गाडी करून. नवगावचं स्मारक, जिथे गलबत फुटून सात बाया सात पुरुष, म्हणजे आपले पहिले पूर्वज, वाचले म्हणतात, ते दाखवा, आणि खंडाळ्याचा एलियाहूच्या रथाची खूण असलेला खडक. लोणावळ्याचं खंडाळा नव्हे, अलिबागजवळचं! एक कुटुंब थेट घाट चढून गेलं होतं.

दिमोनाकाका

सूनबाई, लोदकर बरोबर बोलतोय पण तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. तुझी सासू म्हणाली होतं कशाचं. उत्तर मुलाच्या पाराशातच आहे की.

लेख लेखा म्हणजे काय, देव अब्राहामला सांगतो तुझा देश, तुझं कूळ, तुझ्या बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा. आता मला सांग तुमच्या घरात हे कोणी केलंय? तू केलंस लग्न करून, पण तुझ्या सासूने कोवळ्या वयात केलं. कुठल्या गावच्या त्या? कोकणातून उठून इथे उतरल्यावर पहिली रात्र कुठे काढली, काय खाल्लं, कोणाला पत्र लिहिलं, रडू आलं का? नातवाने हे विचारलंय का कधी? मी पैज लावतो नाही विचारलेलं, कारण तो हिब्रूत विचार करतो आणि ती मराठीत आठवते.

बार मित्झवाच्या मुलाने द्राशा द्यायचा असतो, पाराशावर चार शब्द बोलायचे. सोळाव्या शतकात पोलंडमध्ये रब्बी शलोमो लुरिया होऊन गेले, त्यांनी तर लिहून ठेवलंय की मुलगा द्राशा देत असेल तर त्या मेजवानीला मित्झवाच्या, म्हणजे धर्मकर्तव्याच्या, जेवणाचा दर्जा येतो. म्हणजे जेवण हे द्राशामुळे आहे. आता काय होतं, द्राशा रब्बी लिहून देतो आणि पोरगं हातातल्या मोबाईलमधून वाचतं, आणि जेवण मात्र पाच प्रकारचं.

तुझ्या मुलाला वाचायचा त्रास आहे ना, मग उत्तम, वाचू देऊच नकोस. बोलू दे. आजीसमोर बसव, फोनवर रेकॉर्ड कर, तिला मराठीत सांगू दे, तू मध्ये बसून हिब्रूत सांग. नंतर त्याने मशिदीत उभं राहून त्यातलं त्याला जे लागलं ते सांगायचं. इथे सातवीच्या मुलांना शाळेत मुळांचा प्रकल्प करावा लागतोच, आजीआजोबा कुठून आले वगैरे, तोच त्याला इथे कामाला येईल, दोनदा मेहनत नको.

आणि त्याला १९६४ पण सांगा. आमच्या पोरांना हे कोणी सांगत नाही. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींनी आपल्या लोकांच्या लग्नांना अडथळे घातले होते, तुमच्या पूर्वजांची चौकशी करू म्हणाले. माझे वडील इतर शेकडो लोकांबरोबर जेरुसलेमला धरणं धरून बसले होते, आई घरून डबे पाठवायची. शेवटी १९६४ मध्ये क्नेसेटला, म्हणजे इथल्या संसदेला, दखल घ्यावी लागली आणि बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत हे मान्य करून घेतलं. तेराव्या वर्षी जबाबदारी येते म्हणतात ना, मग जबाबदारी कोणी कशी पेलली हे पण कळू दे.

डीजे ठेवायचा तर ठेव गं, मुलांनी नाचायचं कधी. पण द्राशाच्या वेळी बंद.

न्यूजर्सी_मावशी

काकांचा प्रतिसाद वाचून डोळे भरले. आम्ही ठाण्याचे, आता अमेरिकेत. इथे कन्झर्व्हेटिव्ह सिनेगॉगला जातो (नाव तसं असलं तरी ऑर्थोडॉक्सपेक्षा मोकळा पंथ) म्हणून काही गोष्टी वेगळ्या आहेत, घ्यायच्या तर घ्या.

एक, इथे प्रत्येक मुलाने वर्षभर एखादं काम निवडायचं असतं, समाजाचं. बरंचसं दिखाऊ असतं, खोटं कशाला बोलू, कॉलेजच्या अर्जात लिहायला बरं पडतं म्हणून. पण काही मुलं खरंच करतात. माझ्या भाचीने एका वृद्धाश्रमात जाऊन लोकांना फोन वापरायला शिकवलं आणि अजून जाते. माझोन नावाची संस्था आहे १९८५ पासूनची, भुकेल्यांसाठी काम करते, त्यांनी सुचवलं होतं की समारंभाच्या खर्चाच्या तीन टक्के दान द्या. मला ही कल्पना आवडते कारण आकडा आधीच ठरलेला असतो, मग हॉलचं बिल वाढलं की दानही वाढतं, आणि नवऱ्याला हॉल लहान करायची बुद्धी होते 😄

दोन, मुलीचं. ताई, तिला आत्ताच सांगा की तुझंही होणार. १९२२ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला रब्बी मॉर्डेकाय कॅप्लान यांनी आपल्या ज्युडिथ या मुलीची बात मित्झवा केली, अमेरिकेतली पहिली म्हणतात ती, तेव्हा तिलाही तोऱ्याच्या गुंडाळीतून वाचू दिलं नव्हतं, छापील पुस्तकातून तिने वाचलं. आज इथे आमच्याकडे मुली सगळं वाचतात. तिच्याकडून मलिद्याच्या बेराखा म्हणवून घ्या ना, सगळ्यांसमोर.

दिमोनाकाका

मावशी, मलिदा हा पुरुषांच्या मिन्यानसमोर हज्जान, म्हणजे प्रार्थना म्हणवणारा, करतो. ती काही गंमत नाही मुलीच्या हातात द्यायला.

न्यूजर्सी_मावशी

काका, आदराने सांगते, ताट कोण लावतं? पोहे कोण भिजवतं, खोबरं कोण खवतं, किती फळं झाली हे कोण मोजतं? माझ्या आजीला पूर्ण क्रम पाठ होता, हज्जान चुकला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा.

लोदकर

भांडू नका. खाण्याआधीची बेराखा मुलीने म्हणायला कुठेच मनाई नाही, घरी शब्बाथला म्हणतेच ना ती. ताई, तुमचे रब्बी काय म्हणतात ते विचारा, मशिदीप्रमाणे फरक पडतो. इथे ऑर्थोडॉक्स लोकांत मुलीच्या बाराव्या वर्षी बायका जमून हल्लाची, म्हणजे शब्बाथच्या पावाची, कणीक मळतात, त्यातला तुकडा काढून बेराखा म्हणतात, मुलगी द्राशा देते, ते पण छान होतं. आणि बगदादचे बेन इश हाय, म्हणजे एकोणिसाव्या शतकातले रब्बी योसेफ हाइम, काही नवमतवादी नव्हेत, त्यांनीही लिहिलंय की मुलगी बारा वर्षांची झाली की तिने त्या दिवशी नवीन कपडा घालून शेहेखेयानू ही नव्या गोष्टीची बेराखा म्हणावी. तेव्हा मुलींचं काहीच नसतं असं नाही.

दिमोनाकाका

बेराखा म्हणू दे. मी हज्जानचं बोलत होतो.

दानावरून आठवलं. आपल्याकडे एलियाहूला नवस बोलून मूल झालं की त्याचे केस राखायचे, सहा-सात वर्षांनी उतरवले की त्या केसांच्या भाराइतकं सोनं किंवा चांदी दान द्यायची. म्हणजे हे तीन टक्के वगैरे आपल्याला अमेरिकेने शिकवायला नको. विचारा सासूला, तिच्या भावाचं केलं असेल कदाचित.

अश्दोदची_सून

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री जेवणानंतर सासूबाईंना वाचून दाखवलं. केसांचं वाचल्यावर त्या एकदम म्हणाल्या, माझ्या धाकट्या भावाचं केलं होतं, पेणला, आम्ही तराजू सोनाराकडून आणला होता. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा हे ऐकलं. मग मुलगा आतून आला, म्हणाला तराजू म्हणजे काय, आणि त्यावरून अर्धा तास गेला. रेकॉर्ड करायचं सुचलंच नाही पण आता करणार.

तर आत्तापर्यंत असं ठरतंय. गुरुवारी सकाळी आपल्याच लोकांच्या मशिदीत तोरा, मामंजी तेफिलीन बांधून देणार, मुलगा बेराखा आणि जमल्या तर सुरुवातीच्या चार ओळी, बाकीचं मामंजींचे मित्र वाचतील. नवरा अजून शनिवार शनिवार करतोय पण तेफिलीनचा मुद्दा त्याला पटला. बुधवारी रात्री घरी मलिदा. हॉल नाहीच असं नाही, पुढच्या आठवड्यात एक छोटा करू, मुलाच्या वर्गासाठी, तिथे डीजे, तिथे सासूबाईंना यायची सक्ती नाही. द्राशा मात्र मशिदीत.

मुलाला विचारलं आजीच्या गोष्टीवर बोलशील का, तर म्हणाला कागद नसेल तर बोलेन. फक्त त्याला १९६४ मध्ये जास्त रस आलाय, म्हणतो आजोबा धरण्याला बसले होते का, मामंजी म्हणाले मी तेव्हा मुंबईत पोस्टात होतो, तर जरा हिरमुसला. काका, तुमच्या वडिलांची गोष्ट तो वापरू शकतो का, तुम्ही फोनवर त्याच्याशी बोलाल का? हिब्रूत बोला प्लीज.

धाकटीने फळांच्या बेराखा मागून घेतल्यात. केळ्याची तर तोंडपाठ झाली पण.

आता एक साधा प्रश्न, चाळीस माणसांच्या मलिद्याला पोहे किती? पनवेलला आईच अंदाजाने करायची, मला आकडा माहीत नाही. आणि मागाहून जेवणात मटण आहे, चालेल ना?

दिमोनाकाका

बोलतो की. नंबर मेसेज कर. संध्याकाळी सातनंतर, त्याआधी मी झोपलेला असतो.

ठाणेवाला

चाळीस माणसांना दीड किलो पोहे भरपूर झाले, प्रसादासारखं थोडं थोडंच घेतात पण घरी न्यायला पुड्या मागतातच. नारळ सात-आठ, तिकडे मिळणारे लहान असतील तर दहा. जाड पोहे घ्या, पातळ घेतलेत तर लगदा होतो. धुऊन लगेच निथळा, भिजत ठेवू नका, खोबऱ्याच्या ओलाव्यानेच मऊ होतात. मटणाच्या आधी बिनधास्त चालेल, तूप किंवा दूध मात्र अजिबात घालू नका, काही जण चवीला घालतात मग सगळंच अडतं, कारण मटणासोबत दुधाचं आपल्यात चालत नाही. साखर शेवटी, नाहीतर पाणी सुटतं.

न्यूजर्सी_मावशी

आणि वेलची ताजी कुटा. पाकिटातली नको.